वाद कोणता, जल्प कोणता?

गप्पांविषयीं आपल्या भाषेचें मत फारसें चांगलें दिसत नाहीं. आपण भाषण करतों, चर्चा करतों, गोष्ट सांगतों; गप्पा मात्र मारतों. मारतों, हाणतों, ठोकतों, छाटतों, झोडतों. जीं जीं क्रियापदें आठवावींत तीं सारीं हाणामारीचीं! एखाद्या घरच्या वडील माणसाला 'आपल्याकडे रात्रीं जेवणानंतर काय चालतें?' असें विचारा. 'कांहीं नाहीं, नुसत्या गप्पा', असेंच उत्तर मिळेल. हें 'नुसत्या' विशेषणहि लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या गोष्टीवर कुटुंबांतील लहानथोर माणसें रोज तासभर खर्च करतात ती 'नुसती' कशी असेल, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

आज या सदरांत त्या 'नुसत्या' गप्पांचाच विचार करावयाचें योजिलें आहे. मुलीचें स्थळ, मुलाची नोकरी, घराची डागडुजी, हें संसाराच्या निर्णयांचें बोलणें मी यांत धरीत नाहीं. मी म्हणतों त्या गप्पांचे विषय तीन. पहिला नाटक-सिनेमाचा, दुसरा राजकारणाचा आणि तिसरा त्या नाना बारीकसारीक कुतूहलांचा, ज्यांचा कोणालाच कांहीं उपयोग नसतो आणि म्हणूनच ज्यांची गोडी सर्वांना असते. पस्तीस वर्षें मुलांना शिकविल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, विचार करावयास मूल वर्गांत जितकें शिकतें त्याहून अधिक या बैठकींत शिकतें. वर्गांत उत्तर गुरुजींना आधींच ठाऊक असतें. येथें तें कोणालाच पुरतें ठाऊक नसतें.

परंतु अलीकडे बऱ्याच घरांत एक गोष्ट नजरेस येते. बैठक तीच, विषय तेच, पण बोलणारीं माणसें दोन किंवा तीन, आणि तींहि ठरलेलीं. बाकीचीं थोडा वेळ मान हालवितात आणि हळूच उठतात. वडील मंडळी म्हणतात, 'हल्लींच्या मुलांना मोबाइलपुढें कांहीं सुचत नाहीं.' त्यांत तथ्य आहेच. पण मुलें उठून जातात याला दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें आपल्या हातांतलें आहे. तें समजण्यासाठीं आपल्या जुन्या न्यायशास्त्राकडे थोडें वळावें लागेल. वाचकांनीं भिऊं नये. शास्त्र फार थोडें आहे आणि तेंहि घरगुती कामाचें आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन आहेत. दोन पक्ष समोरासमोर बसून एखाद्या प्रश्नावर बोलूं लागले म्हणजे त्यांचें बोलणें या तिहींपैकीं एका प्रकारचें असतें. खरें काय तें कळावें म्हणून, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारानें जें चालतें तो वाद. आपला पक्ष जिंकावा म्हणून जें चालतें तो जल्प. त्यांत शब्दच्छल करण्याची, फसव्या उत्तरांनीं दुसऱ्याला अडविण्याची मुभा असते. शास्त्रकारांनीं अशा फसव्या उत्तरांचे चोवीस प्रकार आणि पराजयाचीं बावीस स्थानें मोजून ठेविलीं आहेत, यावरून त्या काळच्या सभांत काय धुमाळी चालत असेल त्याची कल्पना यावी. तिसरी वितंडा. तींत बोलणारा स्वतःचा पक्ष मुळीं मांडतच नाहीं. दुसऱ्याचा तेवढा पाडतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मग घरांत वादच असावा, जल्प नसावा. माझें म्हणणें तसें नाहीं. खुद्द सूत्रकारांनींहि जल्प-वितंडेला हद्दपार केलेलें नाहीं. कोवळ्या अंकुराभोंवतीं जसें कांटेरी फांद्यांचें कुंपण घालतात, तसा खऱ्या मताच्या रक्षणापुरता त्यांचा उपयोग आहे, असें ते सांगतात. घरच्या गप्पांत तर थट्टा हवी, कोटी हवी, आत्याबाईंच्या आवडत्या नटावर दोन टोमणे हवेत. मीठ नसलेल्या आमटीप्रमाणें थट्टेवांचूनच्या गप्पा कोणाच्या घशाखालीं उतरणार? अडचण येते ती कुंपण वाढत जाऊन आंत रोपच उरत नाहीं तेव्हां. तें कसें घडतें, हें तिन्ही विषयांचें एक एक उदाहरण घेऊन पाहूं.

पहिलें सिनेमाचें. 'हिंदुस्थानांतला पहिला चित्रपट कोणता?' हा प्रश्न निघाला कीं दहांपैकीं नऊ जण 'दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र' म्हणून मोकळे होतात. तो चित्रपट ३ मे १९१३ या दिवशीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. इतक्यांत कोपऱ्यांतून एखादा म्हणतो, 'दादासाहेब तोरण्यांचें काय? त्यांचा श्रीपुंडलिक त्याच कोरोनेशनमध्यें १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधीं लागला होता.' येथून दोन वाटा फुटतात. जल्पाची वाट अशी कीं, फाळके मोठे कीं तोरणे मोठे यावर आवाज चढवीत बसावयाचें, आणि ज्याचा घसा आधीं बसेल तो हरला. वादाची वाट अशी कीं, 'पहिला' म्हणजे कशांत पहिला, हें आधीं विचारावयाचें. श्रीपुंडलिक हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें. कॅमेरा चालविणारा इंग्रज होता आणि फिल्मवरील पुढील संस्कार विलायतेंत झाले. फाळके १९१२ सालीं स्वतः विलायतेस जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले आणि कथा, दिग्दर्शन, फिल्म धुणें, जोडणें हा सारा उद्योग त्यांनीं येथें उभा केला. ज्याला पडद्यावर दिसलेली पहिली स्वदेशी कथा हवी त्याला तोरण्यांचें नांव घेण्यास भरपूर आधार आहे. ज्याला येथें रुजलेला पहिला चित्रपटधंदा हवा त्याचें उत्तर फाळके. दोघांनाहि आपल्या मताला चिकटून राहतां येतें आणि दोघांच्याहि पदरांत कांहीं नवें पडतें.

अशा बोलण्यांतून मग गप्पांची खरी मौज सुरू होते. त्या राजा हरिश्चंद्रांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें होतें. आणि त्याच साळुंक्यांनीं १९१७ च्या लंकादहनांत राम आणि सीता हीं दोन्ही कामें केलीं, हें ऐकून घरांतलीं मुलें डोळे विस्फारतात. 'मग राम-सीता एकत्र दिसावयाचे असतील तेव्हां काय करीत?' असें एखादी नात विचारते. हा प्रश्न उत्तम आहे. असा प्रश्न ज्या बैठकींत निघाला ती बैठक 'नुसत्या' गप्पांची नव्हे.

दुसरें उदाहरण राजकारणाचें. समजा, आजोबा सहज म्हणाले, 'बाळासाहेब खेर पंतप्रधान असतांना...' लागलीच नातू हंसून म्हणतो, 'आजोबा, पहिले पंतप्रधान नेहरू! खेर कुठले?' आणि मंडळी हंसतात. आतां यांत चूक कोणाची? १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ सालीं प्रांतांत मंत्रिमंडळें आलीं, तेव्हां प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला इंग्रजींत 'प्राइम मिनिस्टर' किंवा 'प्रीमियर' म्हणत. त्याचें सरळ मराठी 'पंतप्रधान' असेंच होतें. मुंबई प्रांतांत त्या जागेवर प्रथम कांहीं महिने सर धनजीशा कूपर होते आणि जुलै १९३७ पासून बाळासाहेब खेर. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली आणि त्या पदाला 'मुख्यमंत्री' हें नांव स्थिर झालें. जम्मू-काश्मीरमध्यें तर १९६५ पर्यंत राज्याच्या प्रमुख मंत्र्याला पंतप्रधानच म्हणत असत. आणि अधिक मागें जावयाचें तर शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत 'मुख्य प्रधान' म्हणजे पेशवे! तेव्हां आजोबा खरे बोलत होते आणि नातूहि खोटें बोलत नव्हता. शब्द एक, अर्थ दोन. दुसऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दावर लादून त्याला पाडणें, यालाच शास्त्रांत वाक्छल म्हणतात. भाष्यकारांनीं त्यासाठीं 'नव' शब्दाचें उदाहरण दिलें आहे. एखाद्याचें कांबळें नवें आहे असें आपण म्हणावें, आणि समोरच्यानें 'याच्याजवळ नऊ कांबळीं कोठें आहेत?' म्हणून आपल्याला खोटें पाडावें. आपल्याकडील राजकीय वादांपैकीं किती या नऊ कांबळ्यांचे असतात, हें वाचकांनीं स्वतःच मोजून पाहावें.

राजकारणांत वितंडेचेंहि पीक फार. घरांत एकजण एका पक्षाचा, दुसरा दुसऱ्या पक्षाचा असतो. तें तर लोकशाहीचें भूषण आहे. पण एक तिसरा असतो. कोणी कांहींहि मांडो, तो म्हणतो, 'सगळे सारखेच!' बोलण्यांत तो कधीं हरत नाहीं, कारण त्यानें पणाला कांहीं लावलेलेंच नसतें. नुकताच मताधिकार मिळालेलें अठरा वर्षांचें मूल कोणत्या उमेदवाराला मत द्यावें याचा खरोखर विचार करीत असतें. त्याच्या विचारावर हें 'सगळे सारखेच' थंड पाण्यासारखें पडतें. अशा गृहस्थांना घरच्या मंडळींनीं सौम्यपणें पण ठामपणें विचारावें : 'काका, हें वाईट, तेंहि वाईट, मग तुम्हांला हवें तें काय?' उत्तर आलें तर वितंडेचा वाद झाला. न आलें तरी मुलांना त्यांतलें मर्म कळलें.

आतां तिसरा विषय, बारीकसारीक कुतूहलांचा. आणि ज्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला तें उदाहरणहि येथलेंच आहे.

एका सुशिक्षित, भरल्या घरीं मी पाहुणा होतों. जेवणें आटोपून पुरुषमंडळी दिवाणखान्यांत बसली होती. दूध उतूं जातें, मग पाणी कां उतूं जात नाहीं, असा प्रश्न निघाला. एकानें सांगितलें, दूध दाट असतें म्हणून. दुसऱ्यानें सांगितलें, दूध लौकर तापतें म्हणून. तिसऱ्यानें यांत कांहीं रासायनिक क्रिया असावी असें गंभीरपणें सुचविलें. धाकट्या सूनबाई पाण्याचीं भांडीं उचलावयास आल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'वर साय धरते ना, तिच्याखालीं वाफ कोंडते. आंत पळी ठेवली कीं दूध तितकें वर येत नाहीं.' कोणीं ऐकलें नाहीं. कोणीं अपमान केला असेंहि नाहीं. तें बोलणें जणूं झालेंच नव्हतें. दहाएक मिनिटांनीं वडील दिरांनीं मोबाइल काढून वाचून दाखविलें. दूध तापलें कीं त्यांतील प्रथिनें आणि स्निग्धांश यांचा पृष्ठभागावर पडदा बनतो, खालून येणारे वाफेचे बुडबुडे त्याखालीं अडकतात, आणि फेसासकट तो पडदा वर उचलला जातो. नुसत्या पाण्यावर तसा पडदा नसल्यामुळें वाफ सरळ निघून जाते. 'वा! काय सुरेख कारण आहे!' असें सर्वजण म्हणाले. सूनबाई दाराशींच होत्या. त्या किंचित् हंसल्या आणि आंत गेल्या. पुढें दोन दिवस मी त्या घरीं होतों; रात्रीच्या बैठकींत त्या पुन्हा एक शब्द बोलल्या नाहींत.

हें नुकसान लहान नव्हे. दूध कां उतूं जातें हें त्या घराला दहा मिनिटें उशिरा कळलें, एवढ्यापुरतेंच तें असतें तर मी लिहिलें नसतें. पण दाराशीं सूनबाईंची आठ वर्षांची मुलगीहि उभी होती, आणि आपल्या घरांत कोणाचें बोलणें ऐकलें जातें याचा पाठ तिनें त्या रात्रीं घेतला. असे पाठ पाठ्यपुस्तकांत नसतात आणि ते विसरलेहि जात नाहींत.

आपल्या शास्त्रांत शब्द हें प्रमाण मानलें आहे, पण कोणाचाहि शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे कोण? नातलग नव्हे. ज्यानें ती वस्तु प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगावी एवढीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनीं तर पुढें स्पष्टच म्हटलें आहे कीं हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाहि सारखेंच लागू आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पंडितानें ज्ञानाच्या बाबतींत जें दार म्लेंच्छालाहि उघडें ठेविलें, तें आपण आपल्याच सुनेला लावून घ्यावें काय? दुधाच्या प्रश्नांत त्या खोलींतील आप्त एकच व्यक्ति होती. रोज दोन वेळां दुधापुढें उभी राहणारी ती होती.

याच कसोटीवर मोबाइलवरून घरोघर फिरणारे निनावी निरोपहि घासून पाहावे. 'पिंपळ रात्रींहि प्राणवायु सोडतो' हा असाच एक निरोप. झाडें प्राणवायु सोडतात तो प्रकाशांत अन्न तयार करतांना. रात्रीं पिंपळहि इतर झाडांप्रमाणें श्वसनासाठीं प्राणवायु घेतच असतो. निरोप कोणीं लिहिला, त्याला तें कसें कळलें, यांतलें कांहींच आपल्याला ठाऊक नसतें. म्हणजे तेथें शब्द आहे पण आप्त नाहीं. पिंपळाविषयींचा आपला आदर या निरोपाच्या आधारावर उभा नाहीं, तेव्हां तो खोटा ठरल्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. मात्र तो खोटा आहे हें सांगणाऱ्या नातवाला 'तुला फार कळतें' म्हणून गप्प बसविलें, तर बरेंच बिघडतें.

तेव्हां घरच्या बैठकीसाठीं चार गोष्टी सुचवितों. त्या कडक नियम म्हणून घेऊं नयेत, वळण म्हणून घ्याव्या. भांडण सुरू होण्यापूर्वीं ज्या शब्दावरून तें होणार त्याचा अर्थ दोघांनीं ठरवावा. जो दुसऱ्याचें खोडील त्यानें स्वतःचें मांडावें. जो प्रश्न पाहून, मोजून किंवा पुस्तक उघडून सुटण्याजोगा असेल, त्यासाठीं कोणीतरी उठावें. आवाजानें तो सोडवूं नये. आणि ज्याचें म्हणणें बरोबर ठरलें त्याचें नांव घेऊन तसें सर्वांसमक्ष म्हणावें, मग तो आजोबा असो कीं सूनबाई. चौथी गोष्ट सर्वांत सोपी दिसते, पण घडते सर्वांत कमी. न्यायसूत्रांत वाद कोणाशीं करावा याची यादी दिली आहे. तींत शिष्याचें नांव आधीं येतें आणि गुरूचें मागाहून. मात्र अट सर्वांना एकच : मनांत असूया नसावी.

शेवटीं, ज्या घरांना याचा लागलाच प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं एक प्रश्न देतों. 'सूर्य रोज दुपारीं बारा वाजतां बरोबर डोक्यावर येतो', हें वाक्य आज रात्रीं बैठकींत टाकून पाहावें. बहुतेक मंडळी होकार देतील. वस्तुतः हें वाक्य दोन ठिकाणीं चुकलेलें आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गांवींच सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि तोहि वर्षांतून दोनच दिवस. काशीच्या पंडिताला हा योग त्याच्या गांवीं कधींच दिसावयाचा नाहीं. महाराष्ट्र आणि गोवा मात्र सगळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपल्याकडे प्रत्येक गांवीं तो येतो. कोल्हापुरास साधारण ६ मेच्या सुमारास, पुण्यास १३-१४ मेला, मुंबईस १५-१६ मेला, नागपुरास २६ मेच्या आसपास. दुसरा दिवस पावसाळ्यांत येतो, पण तेव्हां बहुधा ढग असतात. वेळहि घड्याळाच्या बाराची नव्हे. आपलें घड्याळ साऱ्या देशासाठीं ठरविलेल्या रेखांशावर चालतें आणि पुणें त्याच्या बरेंच पश्चिमेस आहे. म्हणून मेच्या मध्यास पुण्याची खरी मध्यान्ह सुमारें १२ वाजून ३१ मिनिटांनीं होते.

यावर वाद होईल, व्हावाच. मग त्या दिवशीं अंगणांत किंवा गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्यानें उभी करावी आणि सर्वांनीं भोंवतीं जमावें. सावली आंखडत आंखडत काठीच्या पायाशीं नाहींशी होते, तें दृश्य एकदां पाहिलेलें मूल जन्मभर विसरत नाहीं. काठी उभी करण्याचें काम घरांतील सर्वांत लहानाकडे द्यावें, आणि सावली उरली कीं नाहीं तेंहि त्यानेंच वांकून पाहून सर्वांना सांगावें. त्या दुपारीं त्या घरचा आप्त तोच.